नळाला पाणी येतं का?

काबूलमधलं सरकार पडलं त्या आठवड्यात मी इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या एका हॉटेलात नाश्त्याच्या शिफ्टला होते. रिंगरोडला लागून असलेलं, कॉन्फरन्सला येणाऱ्या लोकांसाठी बांधलेलं हॉटेल. लॉकडाऊनपासून निम्मं रिकामंच होतं. स्टाफरूमच्या टीव्हीवर विमानामागे धावणारी माणसं दिसत होती. आमचा शेफ इथलाच, हॅम्पशायरचा. तो टोस्ट खाताखाता म्हणाला, बिचारे. मीही मान हलवली आणि अंड्यांचा ट्रे घेऊन आत गेले. ती माणसं आमच्याच हॉटेलात उतरणार आहेत हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

थोड्याच दिवसांत बसेस आल्या. सरकारने अख्खं हॉटेल त्यांच्यासाठी घेतलं होतं. मॅनेजरने आम्हाला उभं करून सांगितलं की पाहुण्यांशी नीट वागायचं, फोटो काढायचे नाहीत आणि राजकारण बोलायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. मला राजकारणातलं काय कळतंय? माझी शाळा नववीत सुटली. इंग्रजी येतं ते नाश्त्यापुरतं. ही नोकरी मला लंडनकडच्या पिनरच्या डॉक्टरीणबाईंनी मिळवून दिली होती. आम्ही नवराबायको पहिल्यांदा इकडे आलो तेव्हा त्यांच्याच वरच्या खोलीत राहिलो, त्यांनी मला त्यांचा जाड कोट दिला, बसचं कसं, डॉक्टरचं कसं, सगळं शिकवलं. त्यांचं नाव खराब होईल असं माझ्या हातून काही होऊ नये, एवढीच धास्ती मला कायम असे. आमचे हे एका रेस्टॉरंटात तंदूर सांभाळतात. ते रोज निघताना सांगायचे, आपण बरं नि आपलं काम बरं. व्हिसावर आहोत आपण.

पण किचनमध्ये मलाच हिंदी येत होतं, आणि पाहुण्यांपैकी पुष्कळांना तेच समजत होतं. बायकांना टीव्हीवरच्या आपल्याकडच्या सिरियली बघून, पुरुषांना पेशावरमध्ये राहून. पहिल्या आठवड्यात बीन्स आणि मशरूमचे ट्रे भरलेले तसेच परत यायला लागले तेव्हा शेफने मला एक शेगडी दिली. तू कर काहीतरी, म्हणाला. मी कांदा-टोमॅटो परतून त्यात अंडी फोडायला लागले. ते बायकांना आवडलं, फक्त मिरची बघून त्या हसायच्या. आपलं तिखट त्यांना सोसत नाही.

त्यांच्यातलं एक जोडपं माझ्या ओळखीचं झालं. तो चाळिशीचा, उंच, जरा वाकून चालणारा. आधी इंग्रजांच्या तळावर दुभाषा होता, म्हणून त्याला विमानात जागा मिळाली. पण त्याची खरी नोकरी काबूलच्या पाणीपुरवठा खात्यातली. किचनच्या मागच्या दाराशी, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांजवळ तो सिगारेट ओढायला यायचा आणि मी सालं टाकायला. मला बाजी म्हणायचा, म्हणजे मोठी बहीण. मी त्याच्याहून लहान असेन, पण त्यांच्यात तशी रीत. मी त्याला भाईसाब म्हणे. त्याची बायको तिकडे शाळेत शिकवायची. ती मला सिरियलीतल्यासारखं दीदी म्हणे, मी तिला भाभी. दोन मुलगे त्यांच्याबरोबर होते. थोरली मुलगी मात्र काबूललाच राहिली होती.

ती कशी राहिली हे भाभीने मला एकदाच सांगितलं, टेबल पुसताना मी बाजूला उभी असताना. विमानतळाबाहेरच्या गर्दीत म्हाताऱ्या सासूला उन्हाने चक्कर आली. मुलगी म्हणाली, मी आजीला घरी नेते, उद्या दोघी येतो. दुसऱ्या दिवशी ते आत पोचले होते आणि फाटक बंद झालं. मग स्फोट झाला. मुलगी पंधरा वर्षांची. नववीतली. भाभीने नववी म्हटलं आणि मी फडकं पिळायला आत गेले.

मुलीकडे पासपोर्ट होता. पाकिस्तानचा व्हिसाही मामाने खटपट करून मिळवला. मामाने तिला सीमेपलीकडे इस्लामाबादला न्यायचं, तिथून पुढचं इकडच्या सरकारने बघायचं, असं होतं. वसंतापर्यंत त्या व्हिसाची मुदत होती. मुलीच्या हातात सगळं होतं, फक्त वडील हो म्हणत नव्हते.

त्याचं म्हणणं सरळ होतं. हे राज्य टिकणार नाही. मग पोरीला कशाला परक्या शहरात नेऊन टाकायची? आजीला कशाला एकटी सोडायची? म्हातारी कुठेही जायला तयार नव्हती. सहा महिने, फार तर वर्ष, की आपणच परत जाऊ. त्यामुळे तो इथे घरही घेत नव्हता. कौन्सिलच्या बाईने त्याला दोन घरं दाखवली, एक उत्तरेकडे, एक कार्डिफला. तो दोन्ही वेळा नम्रपणे नाही म्हणाला. मुलांच्या बॅगा तशाच भरलेल्या, पलंगाखाली.

ते लोक का टिकणार नाहीत हे तो मला मागच्या दाराशी समजावून सांगायचा. त्यांचं नाव हॉटेलात कोणी घेत नसे, सगळे 'ते लोक' म्हणत. बंदूक घेऊन शहर घेता येतं बाजी, पण शहर चालवायला माणसं लागतात, तो म्हणायचा. देशाचा पैसा बाहेरच्या बँकांत अडकलाय. जगातलं एकही सरकार त्यांना मानत नाही. त्यांच्यातच दोन तट आहेत, कंदहारवाले आणि काबूलवाले. उत्तरेच्या खोऱ्यात अजून लोक लढताहेत. आणि सगळ्यात शेवटी तो त्याच्या विषयावर यायचा, पाण्यावर. काबूलचं पाणी जमिनीतून उपसतात. पंपाला वीज लागते, वीज नसली की डिझेल, वरून क्लोरीन. सुटे भाग परदेशातून. हिवाळ्यापर्यंत पंप बंद पडतील. ज्या दिवशी नळाचं पाणी गेलं त्या दिवशी लोक रस्त्यावर येतील.

त्याचं हे बोलणं मला पटायचं. कोणाचंही नीट मांडलेलं बोलणं मला पटतं. दिवाळीला पिनरला गेलो होतो तेव्हा डॉक्टरीणबाईंचे यजमान डॉक्टरसाहेबही तेच म्हणाले, राज्य घेणं वेगळं नि चालवणं वेगळं. दुसरे एक पाहुणे म्हणाले, नाही हो, शेजारचे देश हळूहळू मानतील त्यांना, बघा तुम्ही. चकली खात बराच वेळ चाललं होतं. क्रिकेटच्या मॅचसारखं, किती ओव्हर काढतील. मी गरम चकल्या आणून ठेवत होते. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, अगं तुझ्याकडचे लोक काय म्हणतात? मी म्हटलं, ते म्हणतात पाण्यावर आहे सगळं. लोक हसले. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं बोलले.

रोज सकाळी साडेसातच्या सुमारास, म्हणजे तिकडच्या दुपारी, तो आईला फोन लावायचा. सलाम-दुआ झाली की पहिला प्रश्न एकच. भाभी मला अर्थ सांगायची: नळाला पाणी येतं का?

येतं, म्हातारी म्हणायची.

रोज?

एक दिवसाआड. आधीसारखंच.

त्याचा चेहरा पडायचा. आईच्या घरी पाणी येतंय म्हणून मुलाचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढे कळलं की पंपावर त्याचाच जुना सोबती होता. पगार नाही, वरती नवीन दाढीवाला साहेब, तरी तो रोज जात होता. याने त्याला फोन करून विचारलं, तू का जातोस? तो म्हणाला, मग लोकांनी प्यायचं काय? मनातून भाईसाब त्या सोबत्यावर चिडलेलाच होता. रोज कामावर जाणाऱ्याला इथून बोलायला काय जातं, असं भाभी माझ्यादेखत हिंदीतच त्याच्या तोंडावर म्हणाली. मग ती पुढे जे बोलली ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

"तुमचे वडील पेशावरला दर वसंतात परत जायचं म्हणून सामान बांधायचे, तुम्हीच सांगता."

"आणि शेवटी गेलोच ना आम्ही परत? पडलंच ना त्यांचं राज्य?"

"तेव्हा अमेरिकेची विमानं आली होती. आता कोण येणार? विमानं होती, त्यातच बसून आपण आलो."

तो सिगारेट विझवून आत गेला. भाभी मला म्हणाली, दीदी, माणूस हट्टी असला तरी एक वेळ परवडतो, पण एकदा खरा ठरलेला माणूस नको. त्यांचा अंदाज एकदा खरा झालाय.

हिवाळ्यात दुसऱ्या एका कुटुंबाला घर मिळालं. त्या दिवशी माझ्याकडून एक घोळ झाला. ती बाई मला रोज आग्रहाने चहा पाजायची, म्हणून निघताना मी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. घरातून कोणी लांब निघालं की आपण ठेवतोच. ती बघत राहिली. हे काय, तिने विचारलं. मी म्हटलं, हे खाऊन निघालं की माणूस सुखरूप परत येतं. मागे भाईसाब उभा होता. तो त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि अख्खी लॉबी हसायला लागली. मग मला हिंदीत म्हणाला, बाजी, बिचारीला इतक्या महिन्यांनी घर मिळालंय आणि तुम्ही तिला परत याच हॉटेलात बोलावताय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईने मात्र दही चाटून खाल्लं आणि माझा गालगुच्चा घेतला.

त्यांचं मागोमाग वेगळंच निघालं. मिनीबस हलली तशी दोघीतिघी जणी टेबलावरचे जग भरभरून तिच्या मागे पाणी फेकायला लागल्या. जाणारा पाण्यासारखा सुरळीत जावा नि परत यावा, अशी त्यांची रीत. म्हणजे माझ्या दह्याला सगळे हसले, पण दोन्हींतला अर्थ एकच होता. हे मी म्हटलं तेव्हा भाईसाब म्हणाला, खरं आहे, पण आमचं पाणी रस्त्याला पडतं, हॉटेलला नाही. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये त्या पाण्याचा बर्फ झाला. मॅनेजर घसरता घसरता वाचला. त्याने ओल्या फरशीचा पिवळा बोर्ड आणून उघड्या पार्किंगमध्ये ठेवला. बरेच दिवस तो तिथेच होता.

ते कुटुंब गेलं त्याच दिवशी भाभी मला म्हणाली की आम्ही काबूलहून निघालो तेव्हा मागे पाणी टाकायला कोणी नव्हतं. पाणी टाकणारी बाई चक्कर येऊन पडली होती आणि मुलगी तिच्या तोंडावर पाणी मारत होती. ती हे सांगताना रडली वगैरे नाही. नुसतं सांगितलं.

वसंत जवळ आला. मुलीच्या व्हिसाची मुदत संपत आली. आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की ते लोक आल्यापासून बंद असलेल्या मोठ्या मुलींच्या शाळा उघडणार. भाईसाबला एकदम बळ आलं. बघा, तो म्हणाला, जगाने पैसा अडवला तसे नरमले. अजून थोडं दाबलं की अजून नरमतील. आता पोरीला कशाला हलवायची? भाभी शिकवणारी बाई. शाळा उघडणार म्हटल्यावर तिला नाही म्हणवेना.

शाळेच्या पहिल्या दिवशी मुलीने फोटो पाठवला. काळा झगा, पांढरी ओढणी, पाठीला दप्तर. नाश्त्याच्या वेळी भाभी सगळ्यांना दाखवत होती. मलाही दाखवला. मी हात पुसून फोन हातात घेतला. पांढरी ओढणी नीट पिनेने लावलेली होती.

मी ट्रे घेऊन आत जाऊन परत आले तेवढ्यात फोन वाजला होता. मुली शाळेत गेल्या, बाकांवर बसल्या, आणि मग त्यांना घरी जायला सांगितलं. वरून हुकूम आला होता. का, तर गणवेश कसा असावा ते अजून ठरायचंय.

तो मागच्या दाराशी आला तेव्हा त्याच्या हातात सिगारेट होती, पेटवलेली नव्हती. मी सालं टाकत होते. तो आपणहून म्हणाला की ही त्यांच्या आतल्या भांडणाची खूण आहे, काबूलवाल्यांना उघडायची होती, कंदहारवाल्यांनी अडवली. म्हणजे फूट पडली. म्हणजे आता फार नाही. गणवेशाचंच तर आहे, ठरेल. थोडे आठवडे थांबलं की झालं.

मला गप्प बसायचं होतं. मॅनेजरचं सांगणं आठवत होतं, ह्यांचं सांगणं आठवत होतं. माझ्या बोलण्याने उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर, हेही डोक्यात होतं. सीमेवर काय होतं ते मला काय माहीत? पण थोडे आठवडे म्हटल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही.

"भाईसाब, मलाही असंच सांगितलं होतं," मी म्हटलं. "पुढच्या जूनला."

त्याला कळलं नाही. मग मी सांगितलं. मी नववीत असताना आई मिरजेच्या दवाखान्यात होती, छातीच्या दुखण्याने. घरात भाऊ, वडील, भाकऱ्या करायला कोणी नाही. वडील माझे वाईट नव्हते. त्यांनी शाळा बंद कर असं म्हटलंच नाही. ते म्हणाले, यंदा राहू दे, पुढच्या जूनला परत घालू. गुरुजीही म्हणाले, घालू की, हुशार आहे पोरगी. आई घरी आली तोवर जून होऊन गेला होता. म्हणाले, आता पुढच्या. माझा निळा स्कर्ट मी ट्रंकेत घडी करून ठेवला होता. दर जूनला काढून बघायची, मग तो आखूड झाला. पुढे आईने त्याचं पायपुसणं केलं, तेही मुद्दाम नाही, जुनं कापड म्हणून.

"तुझी शाळा संपली, असं मला कोणीच सांगितलं नाही," मी म्हटलं. "कोणी सांगितलं असतं तर मी रडले असते, भांडले असते. आमच्या घरात कोणाचं राज्य पडलं नव्हतं भाईसाब. सगळे चांगलेच होते. तरी जून आला नाही."

मला वाटलं आता हा रागावणार, आणि खरंच मी आत जायला वळले. तो म्हणाला, बाजी, तुम्हाला काय वाटतं, ते किती टिकतील?

मी म्हटलं मला नाही माहीत. ते वर्षभर टिकोत नाही तर पन्नास वर्षं. पोरीचं वय थांबायचं नाही.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आता त्या पोरीला काही झालं म्हणजे? मला त्या आठवड्यात नीट जेवण गेलं नाही. भाईसाब मागच्या दाराशी आला नाही. मला वाटलं, तक्रार केली बहुतेक. मग एक दिवस भाभी अंडी घ्यायला रांगेत आली आणि ताट पुढे करताना म्हणाली, पोरगी उद्या निघते. मामा नेतोय.

गाडी सकाळी येणार होती ती उशिरा आली. तिकडे दुपार झाली होती, इकडे नाश्ता चालू होता. दोघं मागच्या दाराशी उभे होते, फोन त्याच्या हातात. मला भाभीने खुणेने बोलावलं. तिकडे शेजारणीने फोन धरला होता, चित्र हलत होतं. निळं लोखंडी दार, अंगणात डोकं झाकलेली म्हातारी, हातात पितळी वाटी. मुलीने आजीचा हात डोळ्यांना लावला. दप्तर तेच होतं, फोटोतलं. ती गाडीत बसली, मामा पुढे बसला, दार लागलं. गाडी निघाली.

भाईसाब फोनमध्ये जोराने बोलला. भाभीने हळू आवाजात मला सांगितलं: आई, पाणी टाक म्हणताहेत, पोरगी परत यावी म्हणून.

म्हातारी गाडीकडे बघत उभी राहिली. गाडी वळणावर गेली. शेजारणही काही म्हणाली असावी. म्हातारीने वाटीत बघितलं, वाटी तोंडाला लावली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग डोक्यावरच्या चादरीच्या टोकाने तोंड पुसलं आणि ती आत गेली. दार लोटल्याचा आवाज इकडे आमच्यापर्यंत आला.

आतून शेफ टोस्ट संपले म्हणून ओरडत होता. शेवटी भाभीच म्हणाली, पाणी खात्यातल्या माणसाची आई आहे, वाया कशाला घालवेल? तो हसला नाही, पण त्याने फोन खिशात ठेवला आणि भिंतीला टेकला. मग मला विचारलं, कार्डिफ कसं आहे बाजी?

मी कधी गेले नव्हते. डॉक्टरीणबाईंचा मुलगा तिथे हॉस्पिटलात आहे, एवढंच ठाऊक होतं. मी म्हटलं, पाऊस फार म्हणतात, पण माणसं बरी आहेत. त्याने दुपारी कौन्सिलच्या बाईला सांगितलं की ते घर अजून असेल तर बघतो. ते घर नव्हतं, दुसरं मिळालं. ते निघाले तेव्हा मी दही काढलं नाही. त्याने जाताना मुद्दाम तळहात पुढे केला आणि माझी थट्टा केली, आणि मी त्यावर नुसतीच साखर ठेवली.

मुलगी इस्लामाबादला फार दिवस अडकली, आमच्या सगळ्यांच्या कल्पनेपेक्षा फार जास्त. त्या काळात भाभीचा फोन आला की मी आधी घाबरायची. शेवटी ती आली. आता कार्डिफला कॉलेजात जाते, तिच्यापेक्षा लहान मुलांबरोबर बसते आणि त्याचा तिला राग येतो. ते लोक काबूलमध्ये अजून आहेत. मोठ्या मुलींची शाळा अजून बंद आहे, गणवेशाचं काय ठरलं ते कोणी सांगितलं नाही. पिनरला हल्ली तो विषय निघत नाही.

म्हातारी तिथेच आहे, त्याच घरात. भाईसाब रोज तिला फोन करतो आणि पहिला प्रश्न अजून तोच विचारतो. भाभी म्हणते, आता म्हातारी पाणी येतं म्हणाली की तो बरं झालं म्हणतो, आणि मग तिची तब्येत विचारतो.